दगडांना हात लावायचा नाही

"सोड तिला! सोड म्हणतो ना, नालायका!"

न्याहारीची कॉफी अजून कपातच होती आणि लोटार पावेल्झिक टाकीच्या काचेवर लाकडी चमचा आपटत होता. काचेपलीकडच्या पाचशे लिटर पाण्यात काइझर, म्हणजे सम्राट, अशा नावाचा वीतभर निळा मासा एका पिवळ्या मादीची शेपटी तोंडात धरून तिला टाकीभर फिरवत होता. चमच्याचा त्याच्यावर काहीही परिणाम झाला नाही. लोटारच्या ओरडण्याचा ज्यांच्यावर परिणाम झाला होता, ते सगळे परवाना मिळवून हेर्ने शहराच्या रस्त्यांवर सुखाने गाड्या चालवत होते.

लोटार निवृत्त होईपर्यंत मोटार चालवायला शिकवायचा. शिकवण्याच्या गाडीत मास्तरच्या पायाखाली एक वेगळा ब्रेक असतो. चाक दुसऱ्याच्या हातात, चूक दुसऱ्याची आणि थांबवायचा अधिकार आपला, अशा सोयीच्या जागेवर त्याने हयात घालवली. निवृत्तीनंतर गाडी गेली, पाय मात्र तसाच राहिला. त्याच्या बायकोने, गुड्रुनने, कॉफीत साखरेचा दुसरा चमचा घातला की टेबलाखाली ठक्. ती फोनवर जरा जास्त बोलली की ठक्. जिन्यात शेजारणीशी थांबली, तर दाराआडून ठक्. काही बोलायची गरज पडत नसे. गुड्रुन थांबायची, पण आतून धुमसायची.

घरातली व्यवस्थाही लोटारने एकदा लावली ती लावली. खिडकीपाशी त्याची आरामखुर्ची, खुर्चीसमोर टीव्ही, टीव्हीशेजारच्या भक्कम भिंतीला टाकी. गुड्रुनचं शिवणयंत्र बाहेरच्या बोळकांड्यात, जोड्यांच्या कपाटाला खेटून. तिथे उजेड येत नसल्यामुळे ती कपाळाला दिवा बांधून शिवत असे. तिचे वडील खाणीत होते, त्यामुळे दिवा घरातलाच होता.

टाकीतले मासे आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सिक्लिड. दिसायला सुंदर, स्वभावाने भाऊबंदकीतले. यांच्यातला प्रत्येक नर एक दगड धरतो आणि त्या दगडासमोरून जो जाईल त्याच्या अंगावर धावतो. काइझरने एक दगड धरला नव्हता. त्याने दगडांची अख्खी डावी बाजू धरली होती आणि उजवीकडे अधूनमधून तपासणीला जात असे. बाकीची मंडळी गाळणीच्या नळीमागे, सरकारी कचेरीतल्या रांगेसारखी एकावर एक दाटून उभी असत.

ते दगड लोटारने स्वतः खाणीवर जाऊन निवडले होते आणि शिकाऊ गाडीच्या डिकीतून, शिकाऊ माणसाला चालवायला लावून, घरी आणले होते. गुहा, कमानी, बुरूज अशी ती रचना होती. मत्स्यमित्र मंडळाने तिला एकदा दुसरं बक्षीस दिलं होतं. पहिलं का दिलं नाही, यावर लोटार अजूनही बोलत असे. तेव्हापासून घरात एकच नियम होता: दगडांना हात लावायचा नाही.

या मंडळाची पद्धत अशी की शरद ऋतूतल्या एका रविवारी सगळे सभासद बायकांसह एकेका सभासदाकडे जातात, टाकीसमोर नाटकाला बसल्यासारखे खुर्च्या मांडून बसतात, केक खातात आणि टाकीत काय चुकलंय ते सांगतात. गेल्या वर्षी पावेल्झिकांकडे मंडळी आली, अध्यक्ष ब्युल्टे यांनी प्लमच्या केकचा पहिला तुकडा तोंडाशी नेला आणि नेमक्या त्या क्षणी काइझरने सर्वांदेखत एका माशाचा जीव घेतला. ब्युल्टे यांनी तुकडा बशीत परत ठेवला. बाकीच्यांनीही ठेवला. पहाटे उठून केक गुड्रुनने केला होता.

ती हे विसरली नव्हती.

"या रविवारी लोकांसमोर मारामारी झाली," ती आता टोस्टला लोणी लावता लावता म्हणाली, "तर टाकी सोमवारी तळघरात जाईल. इथे माझं शिवणयंत्र येईल."

"टाकी तळघरात? तिथे मासे मरतील!"

"मी दहा वर्षं बोळात बसले, मेले का?"

ठक्.

"आणि चमचा धुऊन ठेव," गुड्रुन म्हणाली. "त्याने मी सूप ढवळते."

लोटारने चमचा न धुता ब्युल्टे यांना फोन लावला.

"ब्युल्टे, काइझर ऐकत नाहीये."

"कुणाचं?"

"माझं!"

"मासा आहे तो, लोटार. बाहेर काढ त्याला. आठवडाभर एकटा ठेव. तोवर सगळे दगड हलव. बाकीच्यांनी नव्या जागा वाटून घेतल्या की काळोख कर आणि त्याला शेवटी आत सोड. उजेड झाल्यावर तो कुणीच नसतो."

"मला शिकवू नकोस. तू मंडळात आलास तेव्हा गोल भांड्यात सोनेरी मासे पाळत होतास."

"मग फोन कशाला केलास?"

"दगड न हलवता चालेल का, एवढंच विचारतोय."

"नाही चालणार."

"बरं," असं म्हणून लोटारने फोन आपटला आणि दगड न हलवता काइझरला बाहेर काढलं.

पाचशे लिटरमधून निघालेल्या सम्राटाला बादलीत ठेवणं लोटारला पटेना. त्याने बाथटब भरला, त्यात हीटर सोडला, हवेचा छोटा पंप लावला आणि काइझरला आत सोडलं. काइझरने एका दमात टबाची दोन्ही टोकं पाहिली आणि साबणाच्या वडीवर हल्ला केला.

संध्याकाळी गुड्रुन टॉवेल घेऊन बाथरूममध्ये गेली आणि तशीच बाहेर आली.

"मी आंघोळ कुठे करायची?"

"बेसिन आहे ना."

"बेसिनमध्ये माझा एक पाय मावतो, लोटार."

"मग आलटूनपालटून धू. आठवड्याचा तर प्रश्न आहे."

दुसऱ्या दिवशी लोटार शांतता पाहायला म्हणून टाकीसमोर जाऊन बसला, तो आत एक अनोळखी मासा दिसला. गडद निळा, अंगावर काळे पट्टे, पंख ताठ. त्याने डावी बाजू घेतली होती आणि तो एकाला नळीमागून ओढून बाहेर काढत होता. लोटारला ओळख पटायला वेळ लागला. तो कारकून होता. इतकी वर्षं राखाडी रंगाचा, कोपऱ्यात तोंड घालून उभा राहणारा, कुणी धक्का मारला तर स्वतःच बाजूला होणारा कारकून.

"तू?" लोटार ओरडला. "तू सुद्धा? अरे, तुला मी हाताने खाऊ घातला! त्या काइझरच्या तावडीतून सोडवलं तुला!"

कारकुनाने काचेपाशी येऊन लोटारच्या नाकावर धडक मारली.

बाथटब भरलेला होता. लोटारने कारकुनाला बादलीत घालून तळघरात नेलं आणि इमारतीच्या सामाईक धुण्याच्या हौदात सोडलं. अर्ध्या तासात दारावरची घंटा वाजली. दारात वरच्या मजल्यावरच्या श्टेगमानबाई उभ्या होत्या. कमरेवर चादरींची टोपली, आणि तोंडाचा रंग चादरींसारखा. त्यांच्या सायकलवरून लोटारने एकदा जिन्यात तमाशा केला होता, तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. आज बंद ठेवण्यासारखी परिस्थिती नव्हती.

"पावेल्झिकसाहेब, हौदातून एक मासा माझ्याकडे बघतोय."

"बघू द्या. बघायचे पैसे पडत नाहीत."

"आज मंगळवार आहे."

"मग?"

"मंगळवार माझा धुण्याचा वार आहे. ही इमारत झाली तेव्हापासून मंगळवार माझा आहे."

"हौदावर नाव कोरलंय का तुमचं?"

"तळघराच्या दारावर पाटी आहे. 'दुसऱ्याच्या वारी हौद वापरणाऱ्याने लाज बाळगावी.' खाली सही आहे. कुणाची आहे, सांगू?"

लोटारचा पाय उंबऱ्यावर आपटला.

"पाय काय आपटताय? मी काय तुमची विद्यार्थिनी आहे?" श्टेगमानबाईंनी टोपली कमरेच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर घेतली. "मी खाली जाऊन पाण्यात साबण सोडणार आहे. मासा स्वच्छ झाला तर मला दोष देऊ नका."

लोटार त्यांच्या आधी जिना उतरला. परत येताना बादलीतलं अर्धं पाणी जिन्यावर सांडलं, आणि जिना पुसायची पाळी त्या आठवड्यात पावेल्झिकांची नव्हती, यावरून तिसऱ्या मजल्यापर्यंत आणखी थोडी बोलाचाली झाली. कारकून अखेर स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये गेला. नळाखाली बश्यांची थप्पी होती, ती लोटारने ओव्हनमध्ये ठेवली.

इकडे टाकीत पाद्रीने कारभार हाती घेतला होता. पाद्री हे नाव त्याला मिळालं होतं ते सदैव मान खाली घालून हीटरमागे उभा असायचा म्हणून. आता त्याने मान वर केली होती. त्याची छळायची पद्धत काइझरपेक्षाही वाईट होती. काइझर निदान चिडून मारायचा. पाद्री शांतपणे, एकेकाला गाठून, समजावल्यासारखं मारत होता.

बुधवारी गुड्रुन बाजारातून दोन पिशव्या जांभळे प्लम घेऊन आली. थोडे रविवारच्या केकला, बाकीचे बरण्यांत भरून हिवाळ्यासाठी. तिने फळं उकडायचं मोठं विजेचं भांडं शोधलं. ते ओट्यावरच होतं. झाकण उघडलं तर आतून एक मासा वर बघत होता.

"लोटार!"

"त्याला हात लावू नकोस! पाद्री आहे तो!"

"हे माझं प्लमचं भांडं आहे!"

"याला तापमान धरून ठेवायची सोय आहे, म्हणून घेतलं. तीसवर ठेवलंय. त्याला मानवतंय."

गुड्रुनने भांड्याच्या बटणावर हात ठेवला. "प्लमला नव्वद लागतं."

"गुड्रुन!"

"नुसतं सांगितलं."

या वेळी टेबलाखाली नाही, दाराआडून नाही, स्वयंपाकघराच्या ऐन मध्यावर, उघड्या डोळ्यांसमोर लोटारचा पाय फरशीवर आपटला. ठक्!

गुड्रुनने पिशवी खाली टाकली. प्लम घरभर घरंगळले.

"बंद कर ते! समजलं? मी गाडी नाहीये! आंघोळीला टब नाही, भांडी घासायला सिंक नाही, ओव्हन उघडला तर आत बश्या, भांड्यात पाद्री! या घरात ज्याला म्हणून शेपटी आहे त्याला स्वतंत्र खोली आहे! मी कुठे आहे? जोड्यांच्या कपाटापाशी!"

"तू विषय बदलतेयस. प्रश्न माशांचा आहे."

गुड्रुनने टॉवेल घेतला, कपडे घेतले, आणि जिना चढून वर गेली. श्टेगमानबाईंच्या घरी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

थोड्या वेळाने छतातून पाण्याचा आवाज आला. मग बऱ्याच वेळाने हसण्याचा. दोन बायकांचा. लोटारने केरसुणीच्या दांड्याने छतावर ठोकलं. हसणं थांबलं, आणि मग दुप्पट जोराने सुरू झालं. गुड्रुन खाली आली तेव्हा तिच्या अंगाला पाइनच्या तेलाचा वास येत होता आणि गाल लाल झाले होते.

"काय बोलत होता एवढं?"

"माशांबद्दल," गुड्रुन म्हणाली.

गुरुवारी टाकीतली पिवळी मादीसुद्धा, जिची शेपटी अजून अर्धीच उगवली होती, मोठ्या बुरुजावर उभी राहून इतरांना हुसकावू लागली. लोटार हातात जाळी घेऊन घरभर भांडी शोधत फिरत होता. त्याची नजर सासूबाईंनी लग्नात दिलेल्या सूपच्या मोठ्या वाडग्यावर गेली, आणि गुड्रुनने ती नजर पाहिली. तिने फोन उचलला.

"ब्युल्टेसाहेब, मी गुड्रुन पावेल्झिक. मला ती तुमची पद्धत जरा नीट समजावून सांगा... म्हणजे नुसतं बाहेर काढून भागत नाही? ... बरोबर, आमच्याकडे दगड हलवलेच नाहीत. ... सगळेच हलवायचे? एकही जुन्या जागी ठेवायचा नाही. ... आणि समजा बराच जुना असेल तर? आडदांड, हेकट? ... अच्छा! त्याची ताकद अंगात नसतेच म्हणता. जागेत असते." इथे ती थांबली आणि लोटारच्या आरामखुर्चीकडे पाहिलं. "मग परत आल्यावर चिडत नाही का तो? ... शोधत राहतो. ... आणि शेवटी मिळेल त्या कोपऱ्यात राहतो. समजलं. फार उपयोग झाला, ब्युल्टेसाहेब. मार्ग्रेटबाईंना नमस्कार सांगा."

"माझ्या माशांबद्दल तू त्याला कशाला विचारलंस?" लोटार म्हणाला. "मला काय येत नाही?"

"येतं ना. पण तू समोर असताना काही होणार नाही. तू चिडतोस, तुझं तोंड लाल होतं. लाल रंग दिसला की हे मासे आणखी चवताळतात."

"हे ब्युल्टे म्हणाला?"

"मंडळाचे अध्यक्ष आहेत ते," गुड्रुन म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं. "तू रविवारपर्यंत बागेतल्या झोपडीत राहा. मी दगड हलवते, मासे आत सोडते."

"दगडांना हात लावायचा नाही!"

"मग सोमवारी टाकी तळघरात."

लोटारने टाकीकडे पाहिलं. गुहा, कमानी, बुरूज. दुसरं बक्षीस. मग त्याला तळघर आठवलं, तिथला ओलसर हौद, आणि मंगळवारी तिथे येणाऱ्या श्टेगमानबाई.

"हलव," तो मोठ्या कष्टाने म्हणाला. "पण दगडच. घरातलं दुसरं काही हलवायचं नाही."

गुड्रुन त्याच्यासाठी सॉसेज बांधत होती. बहुतेक तिला ऐकू गेलं नाही.

शहराबाहेर रेल्वेरुळांच्या कडेला, एकाला एक लागून, भाजी लावायच्या छोट्या बागांचे तुकडे आहेत; त्यातला एक लोटारचा. प्रत्येक तुकड्यात एक लाकडी झोपडी, आणि प्रत्येक झोपडीला बागसंघाचे नियम. मुक्काम करायला मनाई, हा त्यातला पहिला नियम. लोटार दिवसा बटाट्यांच्या वाफ्यात उभा राही आणि अंधार पडला की दिवा न लावता आत बसून थंड सॉसेज खाई. जो आयुष्यभर लोकांवर नियम मोडल्याबद्दल ओरडला, तो आता बागसंघाच्या चिटणीसाच्या पावलांचा आवाज आला की श्वास रोखून धरी.

पहिल्या दिवशी त्याने शेजारच्या कुंपणाची उंची मोजली. ती नियमापेक्षा तीन बोटं जास्त निघाली. त्याने कुंपणावरून आरडाओरडा केला, पण हंगाम संपल्यामुळे शेजारी येत नव्हता. त्या तुकड्यात फक्त मातीचा एक बुटका, लाल टोपीवाला, हसरा पुतळा होता. लोटार त्याच्यावर चिडला. पुतळा हसत राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच. घोंगडीखाली पाय आपटावा, तर खाली फळ्या कुजलेल्या. ठक् होत नसे, पायच आत जात असे.

रविवारपर्यंत त्याचा आवाज बसला होता. कशाने, ते त्याला कळलं नाही. थंडीने म्हणावं, तर थंडी फारशी नव्हती.

रविवारी दुपारी तो बसने घरी आला. पायऱ्या चढताना आतून बऱ्याच लोकांची कुजबुज ऐकू येत होती. त्याने किल्ली लावण्याआधीच दार उघडलं.

"शू!" गुड्रुन अंधारातून म्हणाली. "आत्ताच काइझरला आत सोडलंय. खिडक्यांची सगळी शटरं पाडली आहेत. जोडे काढ आणि हळू ये."

"मंडळी आली?"

"आली, बसली. तूही बस. आवाज नको."

हे बरोबर होतं. पद्धत तशीच होती, आणि लोटारला ती मान्य होती. या घरात तो डोळे मिटून चालू शकत असे. बोळातून सरळ, मग डावीकडे, मग खिडकीपाशी खुर्ची. तो सरळ गेला, डावीकडे वळला, आणि त्याची नडगी कशावर तरी आदळली.

"आई गं! हे काय आहे?"

"टेबल आहे. हळू बोल."

"इथे टेबल नसतं!"

"लोटार, मासे."

त्याने नडगी चोळली. चाचपडत खिडकीच्या दिशेने गेला. हाताला खुर्चीची ओळखीची पाठ लागली, जिवात जीव आला, आणि तो वळून मनापासून बसला.

"पावेल्झिकसाहेब," त्याच्या बुडाखालून श्टेगमानबाईंचा आवाज आला, "ही जागा घेतलेली आहे."

अंधारात कुणीतरी खिदळलं. लोटार उठला. उजवीकडे गेला तर तिथे कुणाचे तरी गुडघे. "भरलंय," गुडघे म्हणाले. डावीकडे टीव्ही असायला हवा होता, तिथे सोफा होता, आणि सोफ्यावर चार माणसं. "पुढे बघा, पावेल्झिक." पुढे जिथे भिंत असायची तिथे कपाट होतं. तो प्रत्येक जागेपाशी जात होता आणि प्रत्येक जागा त्याला हलक्या आवाजात हाकलत होती. शेवटी तो मागे मागे सरकत बोळात आला, तिथे पोटरीला एक बुटकं स्टूल लागलं, आणि त्यावर कुणी नव्हतं. तो बसला. पाठीला जोड्यांचं कपाट लागलं.

मग शटरं वर घ्यायच्या पट्ट्या ओढल्याचा आवाज आला आणि उजेड झाला.

खोली त्याच्या ओळखीची नव्हती. खिडकीपाशी गुड्रुनचं शिवणयंत्र होतं, भर उन्हात. त्याची आरामखुर्ची दुसऱ्या कोपऱ्यात होती आणि तिच्यात श्टेगमानबाई मांडीवर केकची बशी घेऊन, जणू जन्मापासून तिथेच असल्यासारख्या बसल्या होत्या. टीव्ही दिसतच नव्हता. एकच वस्तू जागची हलली नव्हती, ती म्हणजे टाकी.

आणि टाकीत शांतता होती. दगड असे कसेही, मुलाने टाकल्यासारखे पडले होते. ना गुहा, ना बुरूज. कारकून एका फटीत, पाद्री दुसऱ्या फटीत. पिवळी मादी मधल्या मोठ्या दगडावर, अर्ध्या शेपटीसह. कुणी कुणाला हात लावत नव्हतं.

सगळे पुढे वाकून बघत होते. ब्युल्टे यांनी केकचा तुकडा तोंडात घातला, चावला, गिळला. काहीही झालं नाही. त्यांनी दुसरा घातला.

"सुंदर!" ते म्हणाले. "मार्ग्रेट, चष्मा पुसून दे. लोटार, पहिलं बक्षीस याला दिलं पाहिजे. या रचनेत जो नैसर्गिकपणा आहे ना, तो तुझ्या जुन्या रचनेत नव्हता. कुठे आहेस तू?"

"इथे," लोटार बोळातून म्हणाला. "काइझर कुठे आहे?"

कुणालाच तो सापडेना. शेवटी गुड्रुनने बोट दाखवलं. गाळणीच्या नळीमागे, पाण्याच्या पृष्ठभागाशी, एक राखाडी मासा पंख मिटून तिरका तरंगत होता. त्याने बाहेर पाहिलं. त्याची आणि लोटारची नजरानजर झाली. दोघांनीही दुसरीकडे पाहिलं.

"ठरल्याप्रमाणे टाकी इथेच राहील," गुड्रुनने सर्वांसमोर जाहीर केलं. "तुझा शब्द राहिला, लोटार. केक घे."

तिने नवा झगा घातला होता, त्या आठवड्यात उजेडात शिवलेला. गडद निळा, काळ्या पट्ट्यांचा. तिने बशी बोळापर्यंत आणून दिली आणि परत खिडकीपाशी जाऊन बसली. लोटारने केक खाल्ला. चांगला झाला होता. आणखी मिळेल का, हे विचारावं की नाही याचा तो विचार करत होता.

तेवढ्यात मार्ग्रेट ब्युल्टे चष्मा पुसता पुसता गुड्रुनजवळ सरकली. ती अध्यक्षांची बायको. मंडळाच्या भेटींना ती दरवर्षी येत असे, अध्यक्षांची पिशवी धरून; पण तिचा आवाज कुणी फारसा ऐकला नव्हता. आजही तिने तो बारीकच ठेवला. पण बोळात, जोड्यांच्या कपाटापाशी, सगळं ऐकू येतं. गुड्रुनला हे दहा वर्षांपासून माहीत होतं; लोटारला आज कळत होतं.

"किती दिवस बाहेर ठेवायचा?"

"थोडे दिवस पुरतात. पण सामान सगळं हलवायचं, मार्ग्रेटबाई. अर्धवट हलवलं तर ओळख पटते."

"आणि ठेवायचा कुठे? आमची बाग नाही हो."

"लोटारची झोपडी रिकामीच आहे की."

लोटारच्या मानेपासून कानापर्यंत रंग चढू लागला. झोपडीतून आल्यावर पहिल्यांदाच. तो बशी घेऊन ताडकन उठला.

"ती झोपडी माझी आहे!"

सगळ्यांनी माना वळवल्या. टाकीत काइझरने नळीमागून डोकं बाहेर काढलं. कारकुनाचे पंख ताठ झाले. पिवळी मादी दगडावरून अर्धी वीत पुढे आली.

"कुठली झोपडी?" ब्युल्टे यांनी भरल्या तोंडाने विचारलं.

गुड्रुन जागची उठली नाही. तिने फक्त बाजूला हात केला आणि शटरची पट्टी धरली.

"लोटार, खाली बस. नाहीतर पुन्हा अंधार करीन."

लोटारचा पाय आपोआप खाली दाबला गेला. बोळातली सतरंजी शिवणयंत्राबरोबर खिडकीपाशी गेली होती, त्यामुळे ठक् पूर्वीपेक्षा मोठा झाला. पण त्याने कुणीच थांबलं नाही. श्टेगमानबाईंनी केकचा दुसरा तुकडा वाढून घेतला. लोटार स्टुलावर बसला. काइझर नळीमागे गेला.

"काय झालं याला?" ब्युल्टे यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि कप पुढे केला. "मार्ग्रेट, कॉफी."

मार्ग्रेट हलली नाही. स्वच्छ पुसलेला चष्मा तिने स्वतःच्याच नाकावर चढवला होता आणि पावेल्झिकांच्या खोलीतलं एकेक कपाट कुठून कुठे गेलंय, ते ती सावकाश बघत होती.